सिसिली पाहायची कशी? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सिराकूझा शहरातल्या ओर्तीजा बेटावर कॅथेड्रलच्या डाव्या अंगाला एक गल्ली जाते, व्हिया मिनेर्वा. तिथे उभं राहून चर्चची बाजूची भिंत बघा. भिंतीतून जाडजूड दगडी खांब अर्धे बाहेर आलेले दिसतील. हे खांब चर्चसाठी घडवलेलेच नाहीत. ते अथेना देवीच्या ग्रीक देवळाचे आहेत, इ.स.पू. पाचव्या शतकातले. पुढे ख्रिस्ती लोकांनी खांबांमधल्या मोकळ्या जागा चिणून घेतल्या आणि देवळाचं चर्च झालं. ८७८ मध्ये अरबांनी शहर जिंकलं, तेव्हा त्याची मशीद झाली. मूळचे उत्तर फ्रान्सचे नॉर्मन आले, पुन्हा चर्च. १६९३ च्या भूकंपात दर्शनी भाग पडला, तो अठराव्या शतकात बरोक, म्हणजे नक्षीदार, भपकेबाज थाटात नव्याने उभारला. म्हणजे समोरून पाहिलं तर इमारत तीनशे वर्षांची वाटते आणि गल्लीत वळलं की अडीच हजार वर्षांची.

मी पहिल्या खेपेला हे चर्च फक्त समोरून पाहिलं, फोटो काढला आणि आइस्क्रीम खायला गेलो. गल्लीतली भिंत दुसऱ्या खेपेला दिसली. पहिल्यांदा जाणाऱ्यांची तशी गत होऊ नये, म्हणून हा लेख. मला सांगायचं आहे ते एवढंच: सिसिलीत ठिकाणं कमी निवडा आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे आधी कोणाचं होतं?’ हा प्रश्न विचारत राहा. बाकीचं नियोजन त्यावरून आपोआप ठरतं.

१. निघण्याआधी: एका कागदावर मावेल इतका इतिहास

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट. इटलीचा बूट ज्या चेंडूला लाथ मारतोय असं नकाशात वाटतं, तो हा चेंडू. आफ्रिकेचा किनारा इथून फार लांब नाही, म्हणून भूमध्य समुद्रावर ज्याला ज्याला सत्ता हवी होती तो तो इथे येऊन गेला. सनावळ्या पाठ करायची गरज नाही, पण एका कागदावर एवढं लिहून तो पाकिटात ठेवा:

पश्चिमेला फिनिशियन व्यापारी, पूर्वेला ग्रीक. सिराकूझाची स्थापना परंपरेने इ.स.पू. ७३३ ची मानतात. इ.स.पू. २१२ मध्ये रोमनांनी सिराकूझा घेतलं. त्याच धामधुमीत आर्किमिडीज मारला गेला. मग रोमन, नंतर बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य. ८२७ मध्ये अरब उतरले, ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्याकडे गेलं. १०७२ मध्ये नॉर्मनांनी पालेर्मो घेतलं आणि ११३० मध्ये दुसरा रॉजर राजा झाला. पुढे जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश. ११ जानेवारी १६९३ ला मोठा भूकंप. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्दी मार्सालाला उतरला आणि बेट इटलीत आलं.

हा कागद खिशात असला की गाईड ‘नॉर्मन काळ’ म्हणाला तर तो अरबांच्या आधी की नंतर, असा गोंधळ होत नाही. माझ्या मते नवख्या माणसाचा निम्मा थकवा पायांचा नसून याच गोंधळाचा असतो.

शब्दांकडेही कान असू द्या. काल्ताजिरोने, काल्तानिसेत्ता या गावांच्या नावातलं ‘काल्ता’ अरबी ‘कल्अ’वरून आलं, आपला ‘किल्ला’ही त्याच शब्दाचा भाऊ. साखरेला इटालियनमध्ये ‘झुक्केरो’ म्हणतात आणि संत्र्याला ‘आरांचा’. दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘शर्करा’ आणि ‘नारंग’पासून फारसी-अरबीच्या वाटेने तिकडे पोचले. नाक्यावरच्या दुकानात मिळणारी ‘आरांचीना’, म्हणजे तळलेला भाताचा गोळा, अर्थाने ‘छोटं संत्रं’च.

२. कधी जायचं

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. यावर मी वाद घालणार नाही. शाळांच्या सुट्ट्यांमुळे मेच्या शेवटाला जावं लागलं तरी चालेल, पण जुलै-ऑगस्ट टाळाच. ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकूझाजवळच्या फ्लोरीदियात ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, युरोपातला तो उच्चांक आहे. ‘आम्ही विदर्भातले, आम्हाला उन्हाचं काय’ असं म्हणणारे भेटतात. विदर्भात दुपारी आपण घरात असतो. इथे दुपारी एक वाजता तुम्ही सावली नसलेल्या उत्खननात उभे असता.

फेब्रुवारीत आग्रीजेंतोला बदाम फुलतात, देवळांच्या पायथ्याशी पांढरी-गुलाबी झाडं. थंडी-पावसाची तयारी असेल तर तेही सुंदर, फक्त दिवस लहान असतात.

३. व्हिसा, तिकीट आणि किती दिवस

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी फी ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज भरताना नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा ताडून बघा.

मुंबईहून सिसिलीला थेट विमान नाही. रोम किंवा इस्तंबूलला बदलून जाणं सोयीचं. इथे एकच युक्ती सांगतो, पण ती पैसे आणि दिवस दोन्ही वाचवते: जाताना पूर्वेच्या कतानियाला उतरा आणि येताना पश्चिमेच्या पालेर्मोहून निघा. आल्या वाटेने परतावं लागत नाही. शिवाय पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना ढोबळमानाने काळही पुढे सरकतो: आधी ग्रीक, मग रोमन, शेवटी अरब-नॉर्मन. मधे पुन्हा ग्रीक देवळं येतात आणि नोतोसारखं बरोक गाव सुरुवातीलाच घुसतं, तेवढं चालवून घ्या.

वेळ भरपूर असेल तर रोमहून रात्रीची रेल्वे पकडा. मेसिनाच्या सामुद्रधुनीवर अख्खी गाडी डब्यांसकट जहाजात चढवतात. मुलं सोबत असतील तर ती पुढचे सहा महिने हेच सांगत राहतील.

अकरा रात्री अशा वाटून घ्या: सिराकूझा ३, पियात्सा आर्मेरीना १, आग्रीजेंतो २, सेलिनुंते १, पालेर्मो ४. ‘एवढ्या दिवसांत ताओर्मीना, एत्ना, रागूझा, चेफालू का नाही?’ असं कोणीतरी विचारणारच. बसतात, कोंबले तर बसतात. पण मग प्रत्येक ठिकाणी दर्शनाच्या रांगेत पुढे ढकलल्यासारखं होतं.

४. गाडी घ्यायची की नाही

मधल्या टप्प्यापुरती घ्या. सिराकूझा आणि पालेर्मोत गाडी डोकेदुखी आहे, तर पियात्सा आर्मेरीना आणि सेलिनुंतेला गाडीवाचून अडतं. म्हणून सिराकूझातले तीन दिवस पायी, मग गाडी घ्यायची आणि पालेर्मोच्या विमानतळावर परत करून शहरात रेल्वेने किंवा बसने शिरायचं. हा विमानतळ शहरापासून साधारण ३५ किलोमीटर पश्चिमेला आहे आणि सेलिनुंतेहून येताना शहराच्या अलीकडेच लागतो, त्यामुळे वाट वाकडी करावी लागत नाही.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे, गिअर बहुधा हाताचे असतात आणि अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. या शेवटच्या अटीमुळे कुटुंबं काउंटरवर अडकलेली मी पाहिली आहेत: परवाना मुलाचा, कार्ड वडिलांचं.

आणि ‘झेडटीएल’ ही तीन अक्षरं लक्षात ठेवा. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, तोंडाशी कॅमेरा असतो. कोणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही, तुम्ही निवांत आत जाता. आम्ही असेच एका संध्याकाळी हॉटेल शोधत आत गेलो. दंडाचं पत्र सात महिन्यांनी पुण्याला आलं, वर गाडी देणाऱ्या कंपनीचा ‘पत्ता कळवण्याचा खर्च’ वेगळा. हॉटेल त्या हद्दीत असेल तर गाडीचा नंबर आधीच त्यांना कळवून नोंदवून घ्या.

गाडी नकोच असेल तर शहरा-शहरांमधल्या बस चांगल्या आहेत, बऱ्याचदा रेल्वेपेक्षा वेगवान. रविवारी मात्र त्यांची संख्या एकदम घटते. रेल्वेचं छापील प्रादेशिक तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. तिकीट खिशात असूनही शिक्का नसला तर दंड होऊ शकतो.

५. सिराकूझा: तीन दिवस

पहिल्या दिवशी काही ‘बघू’ नका. ओर्तीजात फिरा. पुलावरून बेटावर शिरताच अपोलोच्या देवळाचे अवशेष लागतात. याच्याही वाट्याला चर्च, मशीद, पुन्हा चर्च आणि नंतर स्पॅनिश सैनिकांची बराक असे फेरे आले. समुद्राकाठी आरेतूसाचा झरा आहे, त्यात पपायरसची झुडपं वाढतात. मग कॅथेड्रल, आत जाण्याआधी ती गल्ली. आत गेल्यावर मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना कमानी दिसतील. त्या देवळाच्या गाभाऱ्याच्या भिंतीत पाडलेल्या आहेत. म्हणजे बाहेरचे खांब भिंतीत चिणले आणि आतली भिंत फोडून खांबांसारखी केली. देवळाचं चर्च करायची ही उलटी रीत एकदा लक्षात आली की आग्रीजेंतोला तीच पुन्हा भेटेल.

दुसरा दिवस नेआपोलिस पुरातत्त्व उद्यानाचा. सकाळी उघडताच जा. ग्रीक थिएटर डोंगराच्या खडकात कोरलेलं आहे, बांधलेलं नाही. मे महिन्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत इथे प्राचीन ग्रीक नाटकं होतात. १९१४ पासूनची ही परंपरा आहे. याचा एक तोटा कोणी सांगत नाही: त्या काळात दगडी पायऱ्यांवर लाकडी बाकं बसवलेली असतात, त्यामुळे दिवसा गेलात तर फळ्याच दिसतात. मग तिकीट काढून संध्याकाळचं नाटकच बघा. भाषा इटालियन, पण एखाद्या ग्रीक शोकांतिकेची गोष्ट आधी वाचून गेलात तर अडत नाही. गावच्या जत्रेत नाटक बघताना आपल्याला तरी कुठे प्रत्येक शब्द ऐकू येत असतो?

शेजारच्या दगडखाणीत ‘दिओनिसियसचा कान’ नावाची गुहा आहे, २३ मीटर उंच. नाव १६०८ मध्ये चित्रकार काराव्हाज्जोने दिलं म्हणतात. टाळी वाजवून प्रतिध्वनी सगळेच ऐकतात. त्याच वेळी हेही आठवा की इ.स.पू. ४१३ मध्ये हरलेल्या अथेन्सच्या हजारो सैनिकांना याच शहराच्या दगडखाणींत डांबून ठेवलं होतं आणि बरेच तिथेच मेले. उद्यानात ‘आर्किमिडीजची कबर’ म्हणून एक जागा दाखवतात, ती त्याची नाही. रोमन काळातलं दफनस्थान आहे. खरी कबर रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ७५ च्या सुमारास झुडपांतून शोधून काढली होती, नंतर ती पुन्हा हरवली.

तिसऱ्या दिवशी रेल्वेने नोतो. जुनं नोतो १६९३ मध्ये जमीनदोस्त झालं, तेव्हा लोकांनी काही किलोमीटरवर नवी जागा निवडून अख्खं गाव नव्याने आखलं. मधाच्या रंगाच्या चुनखडीतलं हे गाव दुपारी चारनंतर पाहायचं, तेव्हा भिंती उजळतात. स्टेशनवरून गावात चढ आहे, थोडं चालावं लागतं. नोतोसह आठ गावांना २००२ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला, पण पहिल्या खेपेला एक नीट पाहिलंत तरी पुरे.

६. पियात्सा आर्मेरीना: जमिनीकडे बघत चाला

गावापासून काही किलोमीटरवर ‘व्हिल्ला रोमाना देल काझाले’ आहे. चौथ्या शतकातल्या कोणा बड्या रोमन धनिकाचा हा वाडा. मालक कोण, यावर विद्वानांचं एकमत नाही. बाराव्या शतकात दरडीच्या चिखलाखाली गाडला गेला आणि त्यामुळेच वाचला. साधारण साडेतीन हजार चौरस मीटर मोझेक इथे जमिनीवर आहे, बारीक रंगीत दगडांचं. पर्यटक वर बांधलेल्या मार्गिकांवरून खाली बघत फिरतात.

काही चित्रांबद्दल कुठेही वाचायला मिळेल, विशेषतः बिकिनीसारख्या पोशाखात व्यायाम करणाऱ्या मुलींबद्दल. तिथे गर्दी असते. मी म्हणेन, निम्मा वेळ साठेक मीटर लांबीच्या शिकारीच्या दालनाला द्या. रोमच्या आखाड्यांसाठी जिवंत प्राणी पकडून जहाजात चढवताना दाखवले आहेत: गेंडा, सिंह, हत्ती, काळवीट. उजव्या टोकाला एक स्त्री बसली आहे, हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ. अनेक अभ्यासक तिला ‘इंडिया’ मानतात. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका रोमन माणसाच्या ओसरीत आपण असे दिसत होतो. मी तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो, मागचे लोक खाकरायला लागले.

सकाळी नऊच्या सुमारास किंवा दुपारी उशिरा जा. छताखाली हवा कोंडते आणि भर दुपारी सहलींच्या बस येतात. म्हणूनच इथे एक रात्र.

७. आग्रीजेंतो: वरून खाली या

‘देवळांचं खोरं’ असं नाव आहे, प्रत्यक्षात ती एक लांबट टेकडी आहे. दोन दारं आहेत. खालच्या दाराने जाऊन चढत बसू नका. टॅक्सी किंवा बसने वरच्या, यूनोच्या देवळाजवळच्या दाराशी जा आणि उतरत या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हा एक सल्ला अख्ख्या लेखाइतका मोलाचा आहे.

उतरताना दुसरं लागतं ते कोंकोर्दियाचं देऊळ, इ.स.पू. पाचव्या शतकातलं, जगातल्या सर्वांत शाबूत ग्रीक देवळांपैकी एक. शाबूत का राहिलं? ५९७ मध्ये त्याचं चर्च झालं म्हणून. गाभाऱ्याच्या भिंतीतल्या कमानी बाहेरूनही दिसतात. सिराकूझाच्या कॅथेड्रलात पाहिलेल्या त्याच कमानी. इथे खांबांमधल्या चिणलेल्या भिंती पुढे काढून टाकल्या, तिथे त्या राहिल्या. दोन्ही ठिकाणं पाहिलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

त्याहून खाली झ्यूसच्या प्रचंड देवळाचा नुसता ढिगारा आहे. त्याचे दगड अठराव्या शतकात जवळच्या बंदराचा धक्का बांधायला नेले. छताचा भार डोक्यावर पेलणारे दगडी पुरुष या देवळाला होते. त्यातला एक साडेसात मीटरहून उंच पुतळा जवळच्या पुरातत्त्व संग्रहालयात उभा करून ठेवला आहे. थकून जाऊन संग्रहालय टाळू नका. दुसरा दिवस त्यासाठीच ठेवला आहे.

पाणी, टोपी, चांगली पकड असलेले बूट. उन्हाळ्यात इथे संध्याकाळी उशिरापर्यंत प्रवेश असतो आणि देवळांवर दिवे सोडतात. ती वेळ मिळाली तर सकाळ झोपून काढा.

८. सेलिनुंते आणि एक खाण

सेलिनुंतेला समुद्राकाठी मोकळ्या माळावर देवळं पसरली आहेत. त्यातलं एक विसाव्या शतकात पुन्हा उभारलं, आणखी एकाच्या खांबांची रांग उभी केली, बाकीची पडलेली आहेत. इ.स.पू. ४०९ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सैन्याने हे शहर उद्ध्वस्त केलं.

पण मला विचाराल तर खरी जागा तिथून थोडी लांब आहे, काम्पोबेल्लो दी माझाराजवळची कूझाची खाण. देवळांच्या खांबांचे गोल तुकडे इथे खडकातून काढत. भोवती एक पाथरवट उभा राहून छिन्नी चालवू शकेल एवढीच चर खणायची, दगड सुटला की ओढत न्यायचा. काही तुकडे अजून खडकाला चिकटलेले आहेत, अर्धे कोरलेले. काही निघून वाटेवर पडले आहेत. सैन्य आलं, माणसं छिन्नी टाकून गेली, ती परत आली नाहीत. ऑलिव्हची झाडं, पक्षी, आणि बहुतेक वेळा दुसरं कोणी नसतं. वेरूळला अर्धवट सोडलेली लेणी पाहताना ज्याला ‘इथे काम का थांबलं असेल?’ असं वाटलं आहे, त्याने इथे यायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी विमानतळाकडे जाताना सेजेस्ता वाटेत येतं. तिथलं देऊळ कधी पूर्णच झालं नाही: खांबांवर पन्हळी कोरलेल्या नाहीत, छप्पर नाही, पायऱ्यांच्या दगडांवर दोर अडकवायचे उंचवटे तसेच राहिलेत. कूझा बघून आल्यावर हे उंचवटे लगेच ओळखू येतात.

९. पालेर्मो: सगळे एकाच छताखाली

कापेल्ला पालातीना हे रॉजर राजाचं राजवाड्यातलं खासगी चॅपल, ११४० मध्ये अर्पण केलेलं. भिंतींवर बायझंटाइन कारागिरांचं सोनेरी मोझेक, आराखडा लॅटिन चर्चचा, आणि वर लाकडी छत मुसलमान कारागिरांचं: मधाच्या पोळ्यासारखी कोरीव रचना, तिच्यात वादक, पाणी भरणारे, बुद्धिबळ खेळणारे. मान दुखेपर्यंत बघा. छोटी दुर्बीण नेलीत तर छत जवळ येतं. बाहेरच्या भिंतीत ११४२ चा एक लेख आहे, राजाच्या पाण्याच्या घड्याळाबद्दल, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. राजवाड्यात आज सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे कामकाजाच्या दिवशी काही दालनं बंद असतात. शुक्रवार ते सोमवार गेलात तर बहुधा सगळं मिळतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते.

झीसा महालातल्या संग्रहालयात अशीच एक संगमरवरी पाटी आहे. दरबारातल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने आपल्या आईच्या, आन्नाच्या, स्मरणार्थ ११४९ मध्ये ती करवली. मजकूर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतली अरबी असा चार प्रकारे, प्रत्येक ठिकाणी ज्याची त्याची कालगणना. मराठी शिलालेखांत शके आणि शुहूर सन शेजारी शेजारी वाचलेल्यांना ही पाटी घरची वाटेल.

कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या दारातल्या एका खांबावर कुराणातला मजकूर कोरलेला आहे, तो शोधा. मार्तोराना चर्चमध्ये ख्रिस्त स्वतः रॉजरला मुकुट घालतो आहे असं मोझेक आहे. पोपकडून नाही, थेट वरून. जवळच्या मोनरेआले गावासाठी अर्धा दिवस ठेवा, पियात्सा इंदिपेंदेन्झाहून बस मिळते. तिथल्या मठाच्या अंगणात जोडीजोडीने उभे २२८ खांब आहेत, त्यांच्या माथ्यांवरचं नक्षीकाम वेगवेगळं. ही सगळी अरब-नॉर्मन स्मारकं २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पिशवीत एक ओढणी असू द्या, पुरुषांनीही अर्धी चड्डी टाळावी. दुपारी साडेबारा-एक ते चारपर्यंत लहान चर्चेस बंद असतात. त्या वेळात जेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि उत्खननं सहसा मोफत असतात. गर्दी त्याच हिशेबाने.

एक संध्याकाळ ‘ओपेरा देई पूपी’ला द्या. चिलखत घातलेल्या लाकडी बाहुल्या, मध्ययुगातल्या शार्लमेन राजाचे सरदार, ढालींचा खणखणाट, मुंडकी उडतात आणि पोरं ओरडतात. पालेर्मोच्या बाहुल्या साधारण ८० सेंटिमीटरच्या, गुडघ्यात वाकणाऱ्या; कतानियाच्या त्याहून बऱ्याच मोठ्या आणि ताठ पायांच्या. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या असतील तर तुलना करायला मजा येईल.

१०. शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही. पालेर्मोच्या रस्त्यावर ‘पानेल्ले’ मिळतात: बेसन पाण्यात शिजवून, थापून, वड्या पाडून तळलेलं. थोडक्यात पाटवडी, फोडणीशिवाय, पावात घालून. कतानियाकडचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ वांग्याचा, ‘कापोनाता’ही वांग्याची, आंबटगोड. मात्र आरांचीना घेताना सावध. ‘आल बुर्रो’ म्हणजे लोण्यातली, असं ऐकून लोक निर्धास्त घेतात, पण आत चीजसोबत बहुधा हॅम असतं. पालकाची मागा. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, मांस नको, मासे नकोत, हे दोन्ही वेगवेगळं सांगावं लागतं. बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर भांडू नका, ते माणशी बसण्याचं शुल्क आहे. आणि सकाळी ब्रिओशबरोबर (गोडसर मऊ पाव) बदामाचं ग्रानिता (बर्फाळ, चमच्याने खायचं सरबत) खा. हे मी पोटासाठी सांगत नाही, जिवासाठी सांगतोय.

बाल्लारोच्या बाजारात फिरताना पाकीट पुढच्या खिशात. तिथे मसाल्याची आशियाई दुकानंही सापडतील, कारण पालेर्मोत श्रीलंकेच्या तमिळ लोकांची मोठी वस्ती आहे. शहराची संत सांता रोझालिया. १६२४ च्या प्लेगमधून तिने वाचवलं अशी श्रद्धा. मोंते पेल्लेग्रीनोवरच्या तिच्या गुहेत ख्रिस्ती तमिळ जातात आणि हिंदू तमिळही जातात. शेवटच्या दिवशी हातात अर्धा दिवस उरला तर वर जाऊन या. गुहेच्या छतातून झिरपणारं पाणी पत्र्याच्या पन्हळींनी गोळा करतात, ते बघा, थोडा वेळ बसा. उतरणारी शेवटची बस कितीला आहे, ते मात्र चढण्याआधीच विचारून ठेवा.